फेरी पलीकडे आहे

सालेलकरांच्या घरी हिच्यावर टॉवेल वाळायचे.
बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने आणली,
आठवडाभर चालवली, मग हँडलला हँगर अडकले.
"ने रे," म्हणाले, "गुडघा बरा झाला की परत दे.
नाही दिलीस तरी चालेल."

आता ती आमच्या मधल्या खोलीत,
खिडकी आणि तांदळाच्या पिंपाच्या मध्ये.
चाक एकच, तेही जमिनीला न टेकणारं.
मागची सीट नाही.

एकवीस वर्षं पायलट होतो मी डिचोलीच्या स्टँडवर,
पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल.
पाठीशी कुणी बसून "चल" म्हटल्याशिवाय
कुठे जायचं, हे मला कधी ठरवावंच लागलं नाही.

फिजिओ मांद्रेकर बाई म्हणाल्या, दहा मिनिटं. लोड शून्यावर.
पहिल्या दिवशी पॅडल पुरतं फिरलंच नाही.
वर येताना गुडघा अडायचा, पावसात फुगलेल्या दारासारखा.
अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे,
पाळण्यात बसल्यासारखा मी, पन्नाशीचा बाप्या.
आतून प्रमिलाने विचारलं, "पोचलात?"

अकराव्या दिवशी एक फेरा पुरा झाला.
घरात कुणी नव्हतं.
तांदळाच्या पिंपाला सांगितलं.

मग म्हटलं, रिकामं कशाला जायचं, भाडं घेऊ.
रोज एक जण आठवून मागे बसवतो.
सोमवारी सरकारी इस्पितळातली नर्स,
रात्रपाळी संपवून पेंगणारी, खड्डा आला की
तिचं कपाळ माझ्या पाठीवर.
मंगळवारी तारल्यांची पाटी घेतलेली रोहिदिना,
तिचं पाणी अजून एका शर्टात आहे, धुऊनही.
एकदा तो मुलगा, बारावीचा निकाल खिशात घातलेला.
वाटभर बोलला नाही.
घराशी उतरताना म्हणाला,
"जरा हळू आणायचं होतंत."

मये मागे पडतं. तळ्याचा वारा येत नाही,
टेबलफॅन मान वळवेल तेवढाच वारा.
सहाव्या आठवड्यात एका दमात नार्व्याला पोचलो.
काट्यावर आठ पूर्णांक सहा.
तिथे पाय थांबवतो. थांबावंच लागतं,
फेरीबोट नेमकी दिवाडीच्या धक्क्याला असते
आणि हॉर्न मारून नदी ऐकत नाही.
मांद्रेकर बाईंच्या कागदावर लिहिलंय:
मध्ये तीन मिनिटं विश्रांती.
विश्रांती आजारी माणसाला.
मी फेरीची वाट बघतो.

एकीला मात्र अजून बसवलं नव्हतं.

त्या दिवशी मागे एर्मेलिंदा बाय होती,
बाजार करून दिवाडीला निघालेली.
वळणावर खडी सांडलेली.
मी खाली, गाडी माझ्यावर, आणि ती उभी,
पिशवी छातीशी धरून, जशी मिस्साला उभी राहते.
डझनातलं एकच अंडं फुटलं.

महिन्याने बघायला आली. खुर्चीच्या कडेला बसून
रुमालाची गाठ सोडली.
"धक्क्यापर्यंत दीडशे ठरले होते.
तू वळणापर्यंत आणलंस. त्याचे ऐंशी.
अंड्याचे सात कापले."
त्र्याहत्तर रुपये मोजून पिंपावर ठेवले,
तीन रुपये चिल्लर.
"उरलेले सत्तर, पोचवशील तेव्हा."
माझ्या पायाकडे तिने पाहिलंही नाही.
चांगलं केलं.

आज लोड शून्यावरून दोनवर नेला.
पॅडल जड झालं,
कुणी मागे बसलं की गाडी दबते ना,
अगदी तसंच.
"नीट बसलीस?" मी विचारलं, मोठ्याने.

वळण कुठे येतं ते मला कळतं,
चार पूर्णांक सातला.
या यंत्राला ब्रेक असून नसल्यासारखा,
तरी बोटं आपोआप आवळली.
गुडघ्यातून कळ आली, येऊ दिली.
पाय सोडले नाहीत.
चार पूर्णांक आठ.
चार पूर्णांक नऊ.
खिडकीबाहेर शेजाऱ्यांचा कोंबडा
भलत्या वेळी आरवला.

नार्वे. घाम हनुवटीवरून हँडलवर.
प्रमिला कांदा चिरता चिरता, "पोचलात?"

"थांब," म्हटलं, "फेरी पलीकडे आहे."